चहाचा कप, कॉलेजची मोरी आणि शाश्वतता

'शाश्वत' हा शब्द वर्गात उच्चारताना मला जरा अवघडल्यासारखं होतं. कीर्तनात तो शोभतो. तिथे शाश्वत म्हणजे अविनाशी, कधीही न संपणारं. बरं, 'टिकाऊ' म्हणावं तर दुकानदार प्लॅस्टिकच्या बादलीलाही टिकाऊच म्हणतो, आणि तो खोटं बोलत नाही. बादली फुटल्यावर तिचे तुकडे आपल्या पतवंडांपर्यंत सहज टिकतील. म्हणून मी मुलांना घरातला शब्द देतो: पुरवून वापरणं. महिनाअखेर आली की आई तेलाची बरणी कशी पुरवते, तसं. नॉर्वेच्या ग्रो हार्लेम ब्रुंटलँड यांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त राष्ट्रांच्या एका आयोगाने १९८७ साली जी व्याख्या केली, ती याहून फार वेगळी नाही. आजच्या गरजा अशा भागवा की उद्याच्या लोकांना त्यांच्या गरजा भागवता येतील. बरणी पुरवा, एवढंच. फक्त बरणीत तेलाऐवजी पाणी, माती, हवा, कोळसा, तांबं असं सगळं आहे आणि घरात आठशे कोटी माणसं आहेत.

मी नाशिकमधल्या एका डिझाइन कॉलेजात आठवड्यातून दोन दिवस शिकवायला जातो. डिझाइन म्हटलं की अजूनही पुष्कळांना कपड्यांचं किंवा लग्नपत्रिकेचं डिझाइन आठवतं. खुर्ची, स्टेशनवरची पाटी, एटीएमचा स्क्रीन, पाण्याची बाटली हे सगळं कुणीतरी आखलेलं असतं आणि ते आखणारी मुलं इथे तयार होतात. शाश्वतता हा विषय त्यांच्या अभ्यासक्रमात असतो. शिकवायचा कसा, हा खरा प्रश्न.

जुनी पद्धत सोपी होती. आठ-दहा व्याख्यानं, मग एक प्रोजेक्ट, मग ज्युरी, म्हणजे बाहेरचे तज्ज्ञ येऊन मुलांचं काम तपासतात तो दिवस. दर वर्षी ज्युरीत निदान चार बांबूचे लॅम्प यायचे. बांबू चांगला, लॅम्प देखणा, पोस्टरवर हिरवं पान. टाळ्या व्हायच्या. मे महिन्यात तेच लॅम्प मी स्टोअररूममध्ये पंख्याच्या मोडक्या पात्यांशेजारी धूळ खात पडलेले पाहिले आहेत. त्या लॅम्पचं कुणाच्या आयुष्यात काही काम नव्हतं, त्यामुळे तो चुकला की बरोबर आला हे कळायलाही मार्ग नव्हता.

आता बऱ्याच ठिकाणी वेगळी रीत धरली जाते. प्रश्न कॅम्पसमधलाच घ्यायचा आणि उत्तर तिथेच वापरात आणायचं. कॅम्पस म्हणजे छोटं गावच. पाणी येतं, सांडपाणी जातं, वीज जळते, अन्न शिजतं, कचरा निघतो, माणसं रागावतात. शिवाय गावापेक्षा एक सोय जास्त: सगळी बिलं एकाच कपाटात सापडतात. पण 'कॅम्पसवर प्रोजेक्ट करा' एवढं म्हटल्याने काही होत नाही. नेमकं काय शिकलं जातं, ते आमच्या कॅन्टीनच्या कपावरून सांगतो.

मुलांनी विषय निवडला: कॅन्टीनमधले कागदी कप बंद करायचे. राज्यात २०१८ पासून आणि देशात १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून फेकायच्या प्लॅस्टिकच्या बऱ्याच वस्तूंवर बंदी आहे. पण व्यवहारात कागदी कप कागदी म्हणून खपून जातो. आतून त्याला प्लॅस्टिकचा पातळ थर असतो, नाहीतर चहा झिरपेल. तो थर कागदापासून सुटा करणं अवघड असल्यामुळे रद्दीवाला असा कप सहसा घेत नाही. मुलांनी हिशेब मांडला. समजा रोज ५०० चहा, वर्षात २२० दिवस कॉलेज. म्हणजे १,१०,००० कप. एक कप ३ ग्रॅमचा धरला तरी ३३० किलो कचरा. आकडा पाहून वर्ग खूश झाला. कचऱ्याचा मोठा आकडा मिळाला की डिझाइनच्या मुलांना का कोण जाणे आनंद होतो.

मग पर्याय आले. मातीचे कुल्हड, स्टीलचे ग्लास, प्रत्येकाने आपला मग आणणं. एकीने तर द्राक्षाच्या छाटणीतून निघणाऱ्या काड्यांचा लगदा करून कप बनवायचं ठरवलं. नाशिकला ही कल्पना सुचणं साहजिक आहे. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी, दोन्ही वेळा बागेबाहेर काड्यांचे ढीग लागतात.

इथे पहिली संकल्पना शिकवावी लागते: जीवनचक्राचा हिशेब. वस्तूची पत्रिका मांडायची म्हणा ना. कच्चा माल कुठून आला, घडवताना किती इंधन लागलं, किती लांबून आणली, वापरताना काय खाते आणि मेल्यावर तिचं काय होतं. कुल्हड मातीचा, म्हणून आपल्याला पवित्र वाटतो. पण तो भट्टीत भाजावा लागतो. भाजलेली माती पुन्हा साधी माती होत नाही, तिची खापरं होतात. ती खापरं हजारो वर्षं टिकतात म्हणून तर उत्खननवाल्यांचा धंदा चालतो. वजनही जास्त, म्हणजे टेम्पोचं डिझेल जास्त. स्टीलचा ग्लास घडवायला भरपूर ऊर्जा लागते, पण तो वर्षानुवर्षं चालतो. मात्र प्रत्येक चहामागे पाणी मागतो.

तुलना कशाची करायची, हेही ठरवावं लागतं. एक कागदी कप विरुद्ध एक स्टीलचा ग्लास अशी तुलना केली तर कागदी कपच जिंकेल. तुलना वस्तूंची न करता कामाची करायची: 'वर्षभर रोज ५०० माणसांच्या हातात गरम चहा पोचवणं'. हे काम कोण किती खर्चात करतं, ते पाहायचं. एवढी एक गोष्ट पक्की झाली तर सेमिस्टरची निम्मी फी वसूल झाली असं मी समजतो.

माप कुठलं लावता, यावरही उत्तर फिरतं. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने २०१८ साली दुकानातल्या पिशव्यांचा असा हिशेब केला होता. हवामानबदल एवढंच माप धरलं, तर साधी सुती पिशवी तिथल्या प्लॅस्टिक पिशवीच्या बरोबरीला यायला सुमारे ५२ वेळा वापरावी लागते. पण ओझोन, पाणी अशी सगळी मापं लावून त्यातल्या सर्वांत वाईट मापावर बरोबरी मागितली, तर ७,१०० वेळा. हा दुसरा आकडा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आणि लोक म्हणतात, पाहा, प्लॅस्टिकच बरं. पण तो हिशेब रस्त्यावर उडालेली आणि गाईच्या पोटात गेलेली पिशवी मोजत नाही. शिवाय तो नव्या कापसाच्या नव्या पिशवीचा आहे. आपल्या घरात आजीच्या विरलेल्या लुगड्याची पिशवी शिवली जाते, तिचा कापूस तर आधीच अर्धं आयुष्य जगून झालेला असतो.

असे हिशेब करून मुलांनी स्टीलचा ग्लास निवडला आणि ते कॅन्टीनमध्ये सांगायला गेले. तिथे भांडी घासणाऱ्या मावशींनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ग्लास धुवायला माझी ना नाही रे पोरांनो. पन ही मोरी बघा ना. दिवसभर वाकून कंबर राहत नाही. नळ एकच, त्याची धार अशी की निम्मं पाणी अंगावर. आधी ग्लासच होते हितं. म्हनून तर बंद पडले."

पोरं गप्प. ३३० किलोच्या हिशेबात मोरीची उंची कुठेच नव्हती.

नियोजनाचे अभ्यासक हॉर्स्ट रिटेल आणि मेल्विन वेबर यांनी १९७३ साली अशा प्रश्नांना एक नाव दिलं होतं. मराठीत त्यांना 'नाठाळ प्रश्न' म्हणता येईल. गणिताच्या पुस्तकात प्रश्न आधी छापलेला असतो, उत्तर शेवटच्या पानावर. नाठाळ प्रश्नाचं तसं नसतं. उत्तर शोधायला निघालं की प्रश्नच बदलतो. आमच्या मुलांचा प्रश्न 'कप कशाचा' असा होता, तो 'मोरी कशी' असा झाला. ओटा कमरेच्या उंचीवर हवा, दोन कप्पे हवेत, एकात बुडवून घासायचं आणि दुसऱ्यात विसळायचं, म्हणजे नळ सतत सोडावा लागत नाही. नळाची धार कमी हवी. निथळायला जाळी हवी. सांडपाणी खरकटं गाळून केळीच्या आळ्यात जायला हवं. यात नवं साहित्य कुठलंच नाही. ज्युरीत पोस्टर लावलं तर कुणी ढुंकून बघणार नाही.

द्राक्षकाडीच्या कपाचं काय झालं, असं कुणी विचारेल. लगदा चांगला झाला. आपण चहा पिण्याआधी कपच तो प्यायला. पुढे त्याच मुलीने त्यातून रोपांच्या कुंड्या केल्या, त्या बऱ्या झाल्या.

मावशींचा मुद्दा नुसत्या सोयीचा नव्हता. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझायनर जोडप्याने १९५८ साली भारत सरकारला एक अहवाल दिला. त्याच्या पाठोपाठ १९६१ साली अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. भारतात पाहिलेल्या वस्तूंमध्ये त्यांनी सर्वांत जास्त कौतुक केलं ते आपल्या लोट्याचं. कडेवर कसा बसतो, ओतताना तोल कसा राहतो, किती मावतं आणि मोडीत घातला तर काय येईल, असे सगळे प्रश्न त्यांनी लोट्याला विचारून पाहिले. मुलांना हे सांगितलं की ती भारावतात, आणि नाशिकची तर तांब्या-पितळेच्या भांड्यांची ख्यातीच आहे. जुन्या नाशकात तांबट लेन अजून त्याच नावाने ओळखली जाते.

पण मी त्यांना पुढचा प्रश्न विचारतो. इतकं चांगलं पितळेचं पातेलं आपल्या घरात माळ्यावर का गेलं? एक कारण कल्हई. पितळेच्या भांड्यात आंबट शिजवायचं तर आतून कथलाचा हात द्यावा लागतो आणि तो काही महिन्यांनी पुन्हा द्यावा लागतो. गल्लीत कल्हईवाला यायचा, भाता लावायचा, नवसागराचा वास पसरायचा, तोवर पातेलं ओट्यावर होतं. तो यायचा थांबला आणि पातेलं वर गेलं. पातेल्यात काहीच बिघडलं नव्हतं. गोधडीचंही असंच आहे. जुन्या साड्यांची गोधडी म्हणजे पुनर्वापराचा उत्तम नमुना, असं पोस्टरवर लिहिणं सोपं आहे. ती शिवायला आजीच्या कित्येक दुपारी गेल्या, त्या कुणी मोजल्या नाहीत. वस्तू जितकी पुरवून वापरायची, तितके कुणाचे तरी हात तिच्यामागे लागतात. ते हात कुणाचे, त्यांना काय मिळतं आणि ते उद्या नसतील तेव्हा काय, हे माझ्या मते या विषयाचं खरं पोट आहे, आणि पुस्तकी शिकवणीत नेमकं तेच गळतं.

म्हणून सोबतीने काम करणं हा सौजन्याचा भाग नाही, त्याशिवाय माहितीच मिळत नाही. स्कँडिनेव्हियात १९७० च्या दशकात कारखान्यांत संगणक येऊ लागले तेव्हा कामगार संघटना आणि संशोधक एकत्र बसले आणि नवी यंत्रणा आखताना कामगारांना सोबत घेण्याची रीत तिथे रुजली. आपल्याकडे अडचण अशी की शिपाईमामांना मीटिंगला बोलावलं, समोर प्राचार्य बसलेले असले आणि विचारलं, "काही त्रास आहे का?" तर उत्तर ठरलेलं: "नाही सर, सगळं बरंय." खरं उत्तर हवं तर सकाळी साडेसातला झाडू मारताना सोबत उभं राहावं लागतं. आमच्या मुलांनी दोन दिवस स्वतः ग्लास धुतले. दुसऱ्या दिवशी ओट्याची उंची किती हवी यावर चर्चा करायची गरजच उरली नाही.

आता माझीच एक फजिती. कॅन्टीनचं खरकटं आणि झाडांचा पालापाचोळा या दोन्ही कटकटी होत्या. खरकटं वास मारायचं, पाला माळीकाका पेटवून द्यायचे. खताचं गणित सांगतं की या दोघांचं लग्न लावावं. ओल्या खरकट्यात नायट्रोजन जास्त, वाळल्या पानांत कार्बन जास्त. कार्बनचे २५ ते ३० भाग आणि नायट्रोजनचा एक, असा मेळ बसला आणि हवा खेळती राहिली की जिवाणू कामाला लागतात, वास येत नाही. आम्ही जानेवारीत खड्डे आखले, मार्चमध्ये बांधले, एप्रिलमध्ये ज्युरीने शाबासकी दिली. जुलैमध्ये खड्ड्यांचं तळं झालं. हवा बंद, कुजका वास, डास, आणि माळीकाका मला पाहिलं की दुसरीकडे बघायचे. मी नाशिकमध्ये वाढलो आहे, तरी नकाशावर पाऊस काढायला विसरलो. शैक्षणिक वर्षाची रचनाच अशी असते की ज्युरी उन्हाळ्यात आणि परीक्षा आषाढात. आता खड्ड्यांऐवजी जमिनीवर विटांच्या जाळीदार टाक्या आहेत, वर पत्रा आहे.

पाण्याचंही तेच. नाशिक शहरात वर्षाला सरासरी सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. हजार चौरस मीटरच्या छपरावर सात लाख लिटर, गळती-बाष्प वजा जाता साडेपाच लाखांच्या आसपास. मुलं लगेच म्हणतात, वर्षभराची सोय झाली! पण तो सगळा पाऊस चार महिन्यांत येतो आणि टंचाई एप्रिल-मेमध्ये असते. एवढं पाणी सात-आठ महिने साठवायला केवढी टाकी लागेल, तिचं सिमेंट किती, हे मांडलं की बऱ्याचदा साठवण्यापेक्षा जमिनीत मुरवणं परवडतं. २०१६ च्या उन्हाळ्यात रामकुंड कोरडं पडलं होतं. तेव्हा ही मुलं शाळेत होती, पण बहुतेकांच्या घरी ती आठवण निघते.

पैशाचा विषय मुलांना रुक्ष वाटतो. मला तो सगळ्यात रंजक वाटतो. साधा पंखा सुमारे ७५ वॅट खातो, नवा बीएलडीसी पंखा, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, ३० वॅटच्या आसपास. फरक ४५ वॅट. रोज ८ तास, २२० दिवस चालला तर एका पंख्यामागे वर्षाला जवळजवळ ८० युनिट वाचतात. आपल्याकडे एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, म्हणजे वर्षाला ५५ किलोच्या वर. समजा युनिटला १० रुपये पडत असतील तर ८०० रुपये. पंखा दीडेक हजाराने महाग असला तरी दोन वर्षांत फिटतो. मग कॉलेजं घेत का नाहीत? कारण पंखे घेतात एका खात्यातून, वीजबिल भरलं जातं दुसऱ्या खात्यातून. खरेदीचा साहेब तीन कोटेशन मागवतो आणि सर्वांत स्वस्त घेतो. त्याने महाग पंखा घेतला तर बोलणी त्याला आणि बचत दुसऱ्याच्या खात्यात. एका गटाने फक्त कोटेशनच्या फॉर्ममध्ये एक रकाना वाढवायचा प्रस्ताव दिला: 'पाच वर्षांचा वीजखर्च'. अकाउंट्सवाल्या मॅडमनी तो मान्य केला. माझ्या मते त्या वर्षीचं ते सर्वोत्तम डिझाइन होतं, आणि ते एका ओळीचं होतं.

पण सावधगिरी इथेही लागते. विल्यम स्टॅनली जेव्हन्स या अर्थतज्ज्ञाने १८६५ साली दाखवलं की वाफेची इंजिनं कोळसा कमी खाऊ लागली तेव्हा इंग्लंडात कोळसा उलट जास्त जळू लागला. स्वस्त पडलं की वापर वाढतो. आमच्याकडे 'हा पंखा वीज कमी खातो' असं स्टिकर लावल्यावर रिकाम्या वर्गात पंखे जास्त वेळ फिरताना दिसू लागले. स्टिकर काढलं.

कुणी म्हणेल, हे सगळं कॉलेजच्या कुंपणाआड ठीक आहे, शहराचं काय? नाशिकला तसा अनुभव आहे. २०१५ च्या सिंहस्थाआधी मूळचे नाशिकचे आणि अमेरिकेतल्या एमआयटी मीडिया लॅबमध्ये शिकवणारे रमेश रासकर यांच्या पुढाकाराने कुंभथॉन झाले. विद्यार्थी, डॉक्टर, पालिका, पोलीस एकत्र बसून गर्दी, आरोग्य, राहण्याची सोय अशा प्रश्नांवर काम करत होते. त्यातूनच 'अशिओतो' निघाली. ही वाटेवर अंथरायची चटई, तिच्यावरून किती माणसं गेली ते मोजणारी. कुंभमेळा हा या विद्येचा अतिशय कठीण पेपर आहे. काही महिन्यांपुरतं शहर उभं करायचं आणि पुन्हा उतरवायचं. पाइप, पत्रे, शौचालयं, निर्माल्य, सगळं जाणार कुठे, हे उभारतानाच ठरवावं लागतं. आता २०२७ समोर आहे आणि आमच्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांना तिथे काहीतरी करायचं आहे. मी त्यांना म्हटलं, आधी मोरी वर्षभर चालवून दाखवा.

कारण सगळ्यात अवघड भाग तोच आहे. सेमिस्टर चार-पाच महिन्यांचं, ओटा दहा वर्षांचा. मुलं पास होऊन पुण्याला, बंगळुरूला जातात आणि त्यांनी बसवलेली वस्तू पोरकी होते. म्हणून आम्ही दोन नियम केले. नव्या बॅचचं पहिलं काम म्हणजे जुन्या बॅचची एखादी वस्तू दुरुस्त करणं. नवं काही बनवायचं नाही. मुलं फार नाराज होतात. दुसऱ्याच्या डिझाइनला हात घालायचा म्हणजे त्यांना उष्टं खाल्ल्यासारखं वाटतं. पण महिन्याभरात त्यांना स्क्रू कुठे असावा, सुटा भाग गावात मिळणारा का असावा, हे असं कळतं की मग त्यांच्या स्वतःच्या ड्रॉइंगमध्ये न विचारता दिसू लागतं.

दुसरा नियम वहीचा. प्रत्येक वस्तूपाशी दोरीने बांधलेली एक वही. काय बिघडलं, कुणी नीट केलं, किती खर्च आला. मोरीच्या वहीत मावशी सांगतात आणि समोर जो कुणी चहा पीत असेल तो लिहितो, त्यामुळे अक्षर रोज वेगळं. पहिल्या पानावर गेल्या सप्टेंबरची नोंद आहे: 'डावा नळ गळतो.' त्याखाली: 'वायसर बदलला, १० रुपये.' त्याखाली, आठ दिवसांनी: 'पुन्हा गळतो. मावशी म्हणतात वायसर हलका होता.'